डिजिटल संचिकेवरून आकारिक मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न (सहशिक्षिका, सोलापूर)
माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. शाळा पूर्व भागात असल्याने बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. वहीतील कामाचे फोटो, वाचनाचे ध्वनिमुद्रण आणि प्रकल्पांच्या चित्रफिती प्रत्येक मुलाच्या फोल्डरमध्ये, म्हणजे डिजिटल संचिकेत, साठवाव्यात, असे यंदा शाळेत ठरले आहे. साठवणे जमेल; पण नोंदी करताना त्याचा उपयोग कसा करावा आणि संचिकेला वेगळे गुण द्यावेत का?

उत्तर १ (निवृत्त केंद्रप्रमुख)
वेगळे गुण देऊ नयेत. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानुसार तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा (शिकवताना सत्रभर होणाऱ्या) भार 60 टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या) 40 टक्के आहे. तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधने त्या 60 टक्क्यांतच येतात आणि संचिका हा त्यांचाच पुरावा आहे. तिला पुन्हा गुण दिले, तर एकच काम दोनदा मोजले जाईल.

खरा उपयोग वर्णनात्मक नोंदींना होतो. एकच उतारा जुलैमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर वाचून घ्यावा आणि दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. मग ‘वाचनात प्रगती आहे’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘पूर्वी शब्द तोडून वाचत होती, आता पूर्णविरामाला थांबते, बोलताना मात्र “माझा वही” अजून अधूनमधून येते’ असे लिहिता येते. तेलुगूभाषक मुलांच्या बाबतीत लिंगाची ही चूक आणि वाचनातील अडचण या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखी चाचणीत त्या एकमेकींत मिसळून जातात.

उत्तर २ (उपशिक्षक, जिल्हा परिषद शाळा)
वरील मताशी सहमत आहे, परंतु सगळेच साठवू नये. फोटोंचा ढीग झाला की सत्राच्या शेवटी तो उघडून पाहण्याइतकी सवड कोणालाच नसते (तपासणीपुरता तो छान दिसतो, एवढेच). प्रत्येक सत्रात दोन कामे मुलाने स्वतः निवडावीत आणि ती का निवडली हे त्यानेच अर्ध्या मिनिटात बोलून ठेवावे. घरच्या भाषेत बोलला तरी हरकत नाही.

उत्तर ३ (पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य)
एक विनंती आहे. घरून चित्रफिती मागवू नयेत. अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कारखान्यात जातो, त्यामुळे मुलाचे नव्हे, तर घरच्या ऐपतीचे मूल्यमापन होते. शिवाय पालकांची लेखी संमती आधी घ्यावी आणि मुलांचे चुकीचे वाचन वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.