अनुभव धागा : टस्कनीच्या खेड्यांत सुट्टी – वाल दोर्चा

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला वाल दोर्चा हे खोरं आहे. पिएन्झा, मोंताल्चिनो, सान क्विरिको ही त्यातली गावं. फ्लॉरेन्सहून एका दिवसात उरकू नका, निदान चार रात्री द्या. माहितगारांनी नेमकं लिहा : कधी जावं, कसं फिरावं, कुठे अडतं.

शिवार
आधी महिना ठरवा, मग विमान. फोटोतल्या त्या हिरव्या टेकड्या म्हणजे बहुतांशी गव्हाची शेतं. एप्रिल-मेमध्ये हिरवी, जूनअखेर सोनेरी, आणि कापणीनंतर ऑगस्टात नुसती नांगरलेली ढेकळं. दिवाळीच्या सुट्टीत जाल तर द्राक्षतोडणीही बहुतेक आटोपलेली असते. पण नवं ऑलिव्ह तेल त्याच सुमारास निघतं : हिरवट, घशाला झोंबणारं. भाजलेल्या पावावर ओतून खा. (तिथल्या पावात मीठ नसतं, पाव बिघडलेला नाही.)

चाकोरी
भाड्याची गाडी हवीच. भारतीय लायसन्स असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही जवळ ठेवा. अनामत रकमेसाठी बहुतेक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. पंपावर ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल आणि ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल. नावावरून हमखास उलटं समजतं आणि चुकीचं इंधन भरलं जातं. टोलनाक्यावर पिवळ्या ‘टेलेपास’ लेनमध्ये (गाडीत टोलचं यंत्र असलेल्यांसाठीची) शिरू नका.

खडीचे पांढरे रस्ते फार सुंदर, पण भाड्याच्या विम्यात टायर आणि गाडीचा तळ बऱ्याचदा धरलेला नसतो. करार वाचूनच तिकडे वळा.

चौकट
चाकोरी यांच्या प्रतिसादात सर्वांत महागडी चूक राहिली : झेडटीएल, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला भाग. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पांढरी पाटी असते, आणि तिथला कॅमेरा नंबर टिपतो. दंड काही महिन्यांनी घरपोच येतो. भाडेकंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे कापते. पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ (‘प्रवेशद्वार चालू’) वाचून रस्ता चालू आहे असं वाटतं, पण चालू असतो तो कॅमेरा, म्हणजे आत जायची बंदी. नकाशात हॉटेलचा पत्ता न टाकता वेशीबाहेरच्या पार्किंगचा टाका. हॉटेल आतच असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी कळवा. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशांच्या, पिवळ्या राखीव.

पायवाट
गाडी नसेल तर मुक्काम सिएनात करा. बसच्या वेळापत्रकात ‘फेरियाले’ म्हणजे कामाचे दिवस, शनिवार धरून. ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार व सण. खेड्यांच्या बस रविवारी नसल्यातच जमा. 2 जुलै आणि 16 ऑगस्टला सिएनात पालिओची घोडदौड असते, त्या दिवसांत खोली मिळणं मुश्कील.

शिधा
शाकाहाऱ्यांसाठी ‘पीची आल्लाल्योने’ : हाताने वळलेल्या जाड शेवया, लसूण-टोमॅटोच्या रश्शात. ‘रिबोल्लिता’ म्हणजे भाज्या, घेवडा आणि शिळ्या पावाचं दाट सूप, पण ते कधीकधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून विचाराच. पेकोरिनो चीजमध्ये सहसा प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारं, जनावराच्या जठरातलं द्रव्य) असतं. अडीच ते साडेसात बहुतेक स्वयंपाकघरं बंद. म्हणून शेतघर (‘आग्रितुरिस्मो’) घेताना ओटा-शेगडी असलेलंच घ्या. उन्हाळ्यात ती बऱ्याचदा शनिवार ते शनिवार, पूर्ण आठवड्यासाठीच देतात. तसं असेल तर विमानाचं तिकीट त्या शनिवारांशी जुळवून काढा.