शब्दचर्चा : प्रोफेशनल फ्रॅटर्निटीला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
अमेरिकेतल्या ‘थीटा टाऊ’ या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या प्रोफेशनल फ्रॅटर्निटीची (एकाच पेशाकडे जाणाऱ्या, एकमेकांना ‘ब्रदर’ मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेची) माहिती मराठीत आणायची आहे. ‘व्यावसायिक बंधुता’ चालेल का? शिवाय तिथे मुलींनाही ‘ब्रदर’ म्हणतात. त्याला काय करावं?

प्रतिसाद १
‘व्यावसायिक बंधुता’ नको. बंधुता हे भाववाचक नाम आहे, त्याचं अनेकवचन होत नाही. ‘या विद्यापीठात दोन बंधुता आहेत’ असं कोणी म्हणणार नाही, ‘दोन फ्रॅटर्निट्या आहेत’ असं मात्र सहज म्हणता येतं. तेव्हा संस्थेला फ्रॅटर्निटीच म्हणा, आणि ती जे मूल्य मानते त्याला बंधुता. संविधानाच्या उद्देशिकेमुळे हा शब्द आपल्याकडे वजनदार झालेला आहे, तो मूल्यासाठीच राखावा. थीटा टाऊ आपले तीन आधारस्तंभ सांगते : सेवा, पेशा आणि बंधुभाव.

‘व्यावसायिक’ही फसवतो. व्यावसायिक नाटक, व्यावसायिक गाळा, यांत पैसा कमावण्याचा अर्थ आधी येतो. इथे अर्थ आहे ‘एकाच पेशाची तयारी करणाऱ्यांची’. ‘अभियंत्यांची पेशानिष्ठ फ्रॅटर्निटी’ लिहिलं तर गैरसमज होत नाही.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण आधी प्रकार वेगळे करा, नाहीतर तिन्हींसाठी ‘संघटना’ लिहून मोकळे व्हाल. ‘टाऊ बीटा पाय’ (1885, लीहाय विद्यापीठ) ही गुणवत्तेची मानसंस्था (ऑनर सोसायटी), म्हणजे गुणवंतांना मान म्हणून सभासदत्व देणारी. तिची पहिली अट गुणांची : तिसऱ्या वर्षाला वर्गातल्या वरच्या आठव्या हिश्श्यात, शेवटच्या वर्षाला वरच्या पाचव्या हिश्श्यात असावं लागतं. ‘ट्रँगल’ (1907, इलिनॉय) अभियंत्यांचीच, पण सोशल फ्रॅटर्निटी, म्हणजे मुख्यतः मैत्री आणि सहवासासाठीची. थीटा टाऊ या दोन्हींहून निराळी : सभासद पेशावरून निवडायचे, आणि पेशाबद्दलची आस्था व आपसातला बंधुभाव दोन्ही वाढवायचे.

मुलींचा मुद्दा कायद्यातून आला आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा अमेरिकन कायदा 1972 चा. 1974 मध्ये सोशल फ्रॅटर्निट्यांना सभासदत्वापुरती सूट मिळाली, प्रोफेशनलना नाही. म्हणून तिथे मुली सभासद आहेत आणि शब्द मात्र जुनाच राहिला.

प्रतिसाद ३
त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : भावंड. नपुंसकलिंगी, भाऊ-बहीण दोघांनाही लागू. ‘बंधू’ लिहिलंत तर ‘ती आमची बंधू’ असं अवघडून लिहावं लागेल. ‘भगिनी’ लिहिलंत तर वाचकाला ती सोरोरिटी, म्हणजे फक्त मुलींची संघटना, वाटेल. ‘ती आमच्या शाखेतलं भावंड’ हे सरळ मराठी आहे.

प्रवेशाच्या टप्प्यांचे शब्दही जपून घ्या. ‘रश’ म्हणजे गर्दी नव्हे, तो ओळखीपाळखीचा काळ. ‘बिड’ म्हणजे बोली नव्हे, सभासदत्वाचं निमंत्रण. ‘प्लेज’ हा शब्द माणसालाही लावतात, तिथे ‘प्रतिज्ञा’ लिहिलं की वाक्यच कोसळतं. ‘उमेदवार’ लिहा. निवडणुकीमुळे त्याचा अर्थ आकसला आहे, पण ‘वकिलाकडे उमेदवारी करणं’ यात शिकत शिकत स्वीकारलं जाण्याचा अर्थ अजून जिवंत आहे, आणि इथे नेमका तोच हवा. ‘हेझिंग’ला सरसकट रॅगिंग म्हणू नका. रॅगिंग कोणत्याही नव्या विद्यार्थ्याचं होतं. हेझिंग म्हणजे गटात घेण्याची अट म्हणून केलेला छळ, उमेदवाराने ‘हो’ म्हटलं तरी तो छळच.

प्रतिसाद ४
एक भर. थीटा टाऊची स्थापना 15 ऑक्टोबर 1904 रोजी मिनेसोटा विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी केली, तेव्हा नाव होतं ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज’. याचं ‘हातोडा आणि चिमटा’ करू नका. चिमटा एकाच पट्टीचा, वाकवलेला, स्प्रिंगसारखा दाबायचा. टाँग्ज म्हणजे मधे खिळा असलेल्या दोन दांड्या, लोहाराच्या भट्टीतलं तापलं लोखंड धरायचं हत्यार. त्याला सांडस म्हणतात, स्वयंपाकघरातली सांडशी त्याचीच धाकटी बहीण. एका हातात सांडस, दुसऱ्या हातात हातोडा. ‘हातोडा-सांडस मंडळ’ म्हटलं की लोहाराचं काम लगेच डोळ्यांपुढे येतं.