'द गिव्हर' शिकवतेय आणि मुलांना ते गाव चक्क आवडलंय, पुढे कसं जाऊ?

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. अवांतर वाचनाच्या तासाला यंदा लोइस लाउरीची 'द गिव्हर' (1993) घेतलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एक अतिशय शिस्तीचं गाव. तिथे भूक नाही, भांडणं नाहीत. अर्ज केला की जोडप्याला एक मुलगा आणि एक मुलगी मिळते. दर डिसेंबरात समारंभ होतो आणि बारा वर्षांच्या मुलांना ज्येष्ठांची समिती कायमचं काम नेमून देते. जोनासच्या वाट्याला मात्र साऱ्या गावाच्या वतीनं जुन्या आठवणी सांभाळायचं काम येतं.

आठवं प्रकरण संपलंय. मला वाटलं होतं मुलं चिडतील, पण झालं भलतंच. वर्गातली एक हुशार मुलगी उठून म्हणाली, "मॅम, यात वाईट काय आहे? दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे टेन्शनच नाही. माझ्या दादाच्या वेळी घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं." निम्म्या वर्गानं माना डोलावल्या. एकाला जॅकेटं आवडली. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जॅकेटची बटणं पाठीला असतात, म्हणजे एकमेकांची मदत घ्यावीच लागते. "किती भारी आयडिया!"

'हे वाईट आहे' असं सांगून मला मोकळं व्हायचं नाहीये. आपण कोण, आपलं आपण ठरवायचं म्हणजे काय, हे त्यांना आतून कळावं असं मनापासून वाटतं. आणि मुलं 2014चा सिनेमा दाखवा म्हणून मागे लागलीत. दाखवू का?

दूरची_बाई

ताई, सिनेमा आत्ता अजिबात नको. तो सुरूच कृष्णधवल होतो, म्हणजे पुस्तकानं बारा प्रकरणं जपलेलं गुपित पहिल्याच मिनिटाला फुटतं.

मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला इंग्रजी शिकवते आणि हे पुस्तक बरीच वर्षं वर्गात घेतेय. मुलांनी त्या गावाची बाजू घेतली, हे मला चांगलं लक्षण वाटतं. सुरुवातीची प्रकरणं लिहिलीच आहेत तशी, वाचताना सुरक्षित वाटावं म्हणून. आता घाईनं खोडून काढलंत तर मुलं तुम्हाला हवं तेच उत्तर लिहून देतील, आणि मग त्यांची समिती तुम्हीच झालात.

बाराव्या प्रकरणाच्या आधी एक करा. मुलांना ते गाव काढून रंगवायला सांगा. नदी, सायकली, समारंभाचं सभागृह, काय हवं ते. काहीही सुचवू नका, चित्रं गोळा करून कपाटात ठेवून द्या. बाराव्या प्रकरणात कळतं की या गावात रंगच नाहीत. जोनासला सफरचंदात, मग मैत्रीण फिओनाच्या केसांत जे काहीतरी 'बदललेलं' दिसत होतं, तो लाल रंग होता. त्या दिवशी चित्रं परत वाटा. माझ्या वर्गात एका मुलानं सायकल निळी रंगवली होती. बराच वेळ तो त्या चित्राकडे बघत बसला आणि मग विचारलं, "मी निळी केली, पण तसं पुस्तकात कुठे लिहिलं होतं?" कुठेच नव्हतं. निळा त्यानं स्वतः निवडला होता आणि आपण काही निवडतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. यावर मला एक अक्षरही बोलावं लागलं नाही.

मग तेरावं प्रकरण. तो संवाद दोन मुलांना उभं करून मोठ्यानं वाचायला लावा. रंग नाहीत म्हणून जोनास आधी चिडतो, सकाळी कुठल्या रंगाचा अंगरखा घालायचा हे मला ठरवायचंय म्हणतो. आणि पुढे तोच म्हणतो की लोकांना जोडीदार निवडू दिला आणि चुकला तर? नोकरी निवडू दिली आणि चुकली तर? सुरक्षित नाही ते. म्हणजे तुमच्या त्या मुलीचं म्हणणं खुद्द नायकाच्या तोंडी आहे! तिला हे आवर्जून दाखवा. तिनं मांडलेला प्रश्न पुस्तकाच्या अगदी गाभ्याचा आहे, हे तिला कळू दे.

पण बाजू खरी पालटते ती सोळाव्या प्रकरणात. जोनासला नाताळची एक आठवण मिळते, घरात शेकोटी, दिवे लावलेलं झाड आणि सोबत दोन म्हातारी माणसं. ही कोण, हेच त्याला कळत नाही. कारण या गावात मुलं मोठी झाली की आईवडिलांशी संबंध संपतो. आईवडील आधी बिनमुलांच्या प्रौढांमध्ये राहायला जातात, मग वृद्धांच्या घरात. आजी-आजोबा ही कल्पनाच नाही. माझ्या वर्गात मराठी, गुजराती, तेलुगू मुलं बरीच आहेत. त्यांचे आजी-आजोबा व्हिसावर सहा महिने येतात आणि जाताना विमानतळावर रडारड होते. तोवर गावाची बाजू हिरिरीनं मांडणारी एक मुलगी इथे थांबली. "मग जोनासची बहीण लिली मोठी झाल्यावर बाबांना फोनसुद्धा नाही करणार?" एवढंच तिनं विचारलं.

गावाच्या शिस्तीची किंमत प्रत्येक वर्गाला वेगळ्या पानावर कळते, हा माझा अनुभव आहे. तुमच्या वर्गाचं पान कुठलं ते शोधा.

समुपदेशक_सातारा

वरचं पटलं. एक भर घालतो. दहावीच्या मुलांसाठी बोर्डानं 2016 साली कलचाचणी सुरू केली, तेव्हापासून पालक मला एकच विचारतात, "सर, मग नक्की काय घ्यायचं?" त्यांना कागदावर नेमणूक हवी असते. सल्ला आणि नेमणूक यांतला फरक तुमच्या मुलांनाही पुस्तकातूनच दाखवता येईल. समितीही मुलांचं वर्षानुवर्षं निरीक्षण करते, सेवेचे तास बघते, आणि कामं बहुतेक जमतील अशीच देते. जोनासच्या खेळकर मित्राला, आशरला करमणूक खातं, मायाळू फिओनाला वृद्धांची सेवा. म्हणजे समिती मूर्ख नाही. पण कलचाचणीचा अहवाल घरी नेऊन बाजूला ठेवता यायचा, समितीचा निर्णय तसा ठेवता येत नाही. आणि पंधराव्या वर्षी बदललेल्या आशरचं काय, हे विचारायला तिथे कुणीच नाही.

'बर्थमदर'च्या, म्हणजे गावासाठी मुलं जन्माला घालायच्या कामाबद्दल जोनासची आई काय म्हणते तेही वाचून घ्या. त्या कामाला फारसा मान नाही, असं ती बोलून जाते. तीन बाळंतपणं झाली की त्या मुली मजूर होतात. 'सगळे समान' म्हणणाऱ्या मुलांना हा परिच्छेद पुरतो.

गोदाकाठ

दोघांचेही खूप आभार. चित्रं काढून घेतली. एकानं घरांची छपरं आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यांसारखी तांबडी कौलारू केलीत! कपाटाला कुलूप लावलंय.

आता भीती एकोणिसाव्या प्रकरणाची वाटते. तेरा-चौदा वर्षांची मुलं आहेत, घरून तक्रार आली तर?

दूरची_बाई

भीती रास्त आहे. या पुस्तकाला 1994चं न्यूबेरी पदक (अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार) मिळालं आणि त्याच दशकात अमेरिकेत सगळ्यात जास्त आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीतही ते आलं. गावात ज्याला 'रिलीज' म्हणतात ते खरं तर ठार मारणं असतं, हे जोनास त्या प्रकरणात डोळ्यांनी बघतो. जुळ्यांपैकी कमी वजनाचं बाळ आणि इंजेक्शन देणारे खुद्द त्याचे वडील. पालकांना आधीच साध्या शब्दांत पत्र पाठवा, त्यात प्रसंग काय आहे ते लपवू नका. ते प्रकरण घरी वाचायला देऊ नका. वर्गात, तुम्ही स्वतः, सावकाश वाचा. शुक्रवारी शेवटच्या तासाला तर नकोच, मुलं ते मनात घेऊन दोन दिवस एकटी राहतात. वाचल्यावर लगेच प्रश्नोत्तरं घेऊ नका. ज्याला बोलायचंय तो बोलेल.

आणि शेवट. जोनास बाळ गॅब्रिएलला घेऊन बर्फातून घसरगाडीवर निघतो आणि पुस्तक संपतं. मुलं विचारतीलच, वाचला का तो? पुढचे भाग आहेत आणि त्यांत उत्तरही आहे, पण लगेच सांगू नका. आधी प्रत्येकाला आपापला शेवट लिहू द्या, आणि तो तसाच का, तेही. त्या हुशार मुलीनं काय लिहिलं ते इथे नक्की कळवा.