हेअर ट्रान्सप्लांटनंतर टोपी: कधी, कोणती, कशी? मदत हवी आहे

एफयूई पद्धतीने (डोक्याच्या मागच्या भागातून केसांची मुळं सुटी सुटी काढून बसवतात ती) पुढची केशरेषा आणि कपाळाचे दोन्ही कोपरे भरून घेतले आहेत. आज चौथा दिवस. खपल्या धरल्या आहेत, कपाळाला सूज आहे. परवा उन्हातून जाणं टाळता येणार नाही. क्लिनिकच्या कागदावर 'सैल टोपी वापरा' एवढंच आहे. घरातली बेसबॉल कॅप मागून पूर्ण सैल करून चालेल का?

प्रतिसाद १
बेसबॉल कॅप आत्ता नकोच. तिचा आतला पट्टा नेमका नव्या केशरेषेवर येतो, आणि सैल केली की ती सरकत राहते. घासणं हे नुसत्या दाबापेक्षा वाईट, कारण खपली शिवणीत अडकली तर तिच्याबरोबर ग्राफ्टही (बसवलेलं केसाचं मूळ) ओढला जाऊ शकतो. ग्राफ्ट पक्के धरायला साधारण ९-१० दिवस लागतात, पहिले ४-५ सर्वात नाजूक.

परवासाठी बकेट हॅट (चहूबाजूंनी खाली उतरती कड असलेली कापडी टोपी) घ्या, तीही डॉक्टरांना फोनवर विचारून. माप नेहमीपेक्षा मोठं, आतून गुळगुळीत सुती कापड, इलास्टिक अजिबात नको. विकत घेताना टेबलावर उभी ठेवून बघा. टोपीचा माथा आत दबत असेल तर डोक्यावरही तो ग्राफ्टवरच टेकणार. उभी राहणारी, खोल टोपी हवी. शक्य असेल तर छत्री त्याहून बरी, तिचा डोक्याला स्पर्शच नाही.

प्रतिसाद २
वरच्यात महत्त्वाची भर: टोपी सैल 'वाटते' यावर विसंबू नका. शस्त्रक्रियेनंतर डोक्याची त्वचा बरेच आठवडे बधिर असते, त्यामुळे टोपी रुतली तरी कळत नाही. हाताने आणि आरशात तपासा. कपाळ आणि पट्टा यांमध्ये बोट सहज फिरलं पाहिजे. दहा मिनिटांनी काढून बघा, वळ उमटला असेल तर ती टोपी बाद. सूज असेपर्यंत माप बदलत राहतं, म्हणून प्रत्येक वेळी तपासायचं.

घालताना आरशासमोर बसा. दोन्ही हातांनी कडा धरून टोपी डोक्याच्या बरोबर वर आणा, पुढची कड कपाळापासून दूर ठेवून सरळ खाली उतरवा. काढताना आधी पुढची कड बाहेर ओढा, मग सरळ वर उचला. सवयीने पुढून मागे सरकवत काढली जाते, आणि तेव्हाच नव्या ओळी खरवडल्या जातात. गळ्यातून घालायचे टी-शर्टही याच कारणासाठी बंद, पुढे बटणं असलेला शर्ट घाला.

प्रतिसाद ३
कापड खपलीला चिकटलं तर ओढू नका. त्या जागी सलाईन फवारा, १०-१५ मिनिटं भिजू द्या, आपसूक सुटेल. घाम साचला की पुळ्या येतात, म्हणून घरात आल्याबरोबर टोपी काढायची आणि रोज धुतलेलीच घालायची. झोपताना नाही.

बेसबॉल कॅप १०-१४ दिवसांनी, खपल्या पूर्ण पडल्यावर. घट्ट लोकरीची टोपी ३-४ आठवड्यांनी. हेल्मेटला डॉक्टरांची परवानगी लागतेच, बहुतेक जण महिनाभर थांबायला सांगतात. तोवर दुचाकी नको. हेल्मेटशिवाय चालवणं हा पर्याय नाही.

धागाकर्ता
धन्यवाद, कॅप बाजूला ठेवली. टोपीने हवा कोंडून मुळं मरतात, हे खरं का? आणि टोपीत केस सापडले तर?

प्रतिसाद २
नाही. मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, बाहेरच्या हवेतून नाही. धोका घासण्याचा आणि दाबाचा.

केसांचं म्हणाल, तर २ ते ८ आठवड्यांत बसवलेले बरेचसे केस गळतातच. मूळ आत राहतं, नवा केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतो. पहिल्या दहा दिवसांत मात्र केसासोबत मांसल तुकडा आणि त्या जागी ताजं रक्त दिसलं, तर स्वच्छ गॉजने हलकेच दाबून धरा, चोळू नका, आणि लगेच क्लिनिकला फोन करा. दुखणं वाढत गेलं, पू किंवा ताप आला तरीही लगेच फोन करा.