फायनल फँटसी १२ चा रीमेक आलाच, तर व्हानला हाकलू नका

उंदीरमार:
फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेतल्या सातव्या भागाचा रीमेक २०२० मध्ये आला, २०२४ मध्ये पुढचा खंडही आला. तेव्हापासून बाराव्याचं नाव निघालं की मागणी ठरलेली: व्हानला काढा, बाशला नायक करा. मला हे पटत नाही.

न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. २००६ चा खेळ. दाल्मास्का हे छोटं राज्य आर्केडियन साम्राज्यानं गिळलंय. राजकन्या आशे भूमिगत, सेनापती बाशवर राजाच्या खुनाचा आळ. आणि आपल्या हाती येतो कोण? व्हान, राजधानी राबानास्त्रचा एक अनाथ पोरगा. जमिनीखालच्या गटारात उंदीर मारणारा, उठसूट 'मी स्काय पायरेट, म्हणजे आकाशातला चाचा होणार' म्हणणारा.

पण सुरुवात आठवा. नालबिनाच्या किल्ल्यात आपण आधी रेक्सला, म्हणजे व्हानच्या मोठ्या भावाला चालवतो. चालायचं कसं, वार कसा करायचा, सगळं त्याच्या हातून शिकतो. शिकून होतंय तोच त्याला भोसकलं जातं. व्हानचं दुःख आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, ते आपल्याच कंट्रोलरमधून गेलंय. बाशकडे, आशेकडे, कुणाकडेच हे नाही.

बाशचा_माणूस:
सुरुवात छान, कबूल. पण पुढे काय? पुढचे पन्नास तास हा पोरगा मोठ्या माणसांच्या बोलण्यात मागे उभा असतो. राज्य आशेचं, कलंक बाशचा, बाप बाल्थियरचा. बाल्थियर, टोळीतला खरा स्काय पायरेट, तर स्वतःच म्हणतो की कथेचा नायक मी. व्हानच्या वाट्याला आलेला सगळ्यात गाजलेला प्रसंग कोणता? बुजेर्बा या तरंगत्या शहराच्या रस्त्यांवर 'मी कॅप्टन बाश!' असं ओरडत फिरणं. म्हणजे तिथंही नाव दुसऱ्याचंच!

आणि मूळ आराखड्यात बाशच नायक होता, हे निर्मात्यांनीच नंतर सांगितलंय. तरुण चेहरा हवा म्हणून व्हान आला. मागाहून चिकटवलेला माणूस आहे हो हा.

आळशी_गॅम्बिट:
+१. मी तर बाशला पुढे ठेवतो, बाकीच्यांना गॅम्बिट (कुणी कधी काय करायचं ते आधीच ठरवून देणारे नियम) लावून देतो आणि निवांत बसतो. व्हान नसला तरी माझं काही अडणार नाही.

उंदीरमार:
@बाशचा_माणूस, चिकटवलेला असेलही. मग नीट शिवा की, उसवता कशाला?

जहारा गावातली रात्र बघा. आशेला तिच्या मेलेल्या नवऱ्याची, रास्लरची आकृती दिसते, आणि बाकी कुणाला न दिसणारी ती आकृती व्हानलाही दिसलेली असते. तिथं तो तिला सांगतो की मी नुसता पळत होतो, साम्राज्याचा द्वेष करून हाती काही लागलं नाही. आशेसमोर सूडाचा प्रश्न पुढे येणार आहे, याच्यासमोर तो आधीच येऊन गेलाय. तिच्याशी बरोबरीनं हे बोलू शकणारा दुसरा कोण आहे त्या टोळीत? बाश तर मान खाली घालून 'महाराणी' म्हणेल.

निम्मा_खेळ:
मी दोघांच्याही विरुद्ध. अडचण व्हानची नाहीच. बुजेर्बानंतर खेळ त्याला विसरतो आणि थेट जहाराला आठवतो. मधल्या वाळवंटात, थडग्यात त्याला एक धड वाक्य नाही. रीमेक करायचा तर तिथं हात घाला. चित्रं चकचकीत करून काय होणार? ते झोडिॲक एज या याच खेळाच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीनं केलंच, वर वेग वाढवायचं बटणही दिलं.

उंदीरमार:
हे शंभर टक्के मान्य. माझ्या रीमेकमध्ये दोनच बदल. मूळ कथेत रेक्स नालबिनात लगेच मरत नाही, जगतो, पण नजर शून्यात. त्याच्या उशाशी व्हान फुलं घेऊन बसतो तो प्रसंग खेळायला द्या. बोलायचं बटण असू द्या. दाबत राहा, रेक्स उत्तर देत नाही.

दुसरा फारोसच्या मनोऱ्यावरचा. गॅब्रांथ, म्हणजे बाशचा साम्राज्याकडून लढणारा जुळा भाऊ, कबूल करतो की बाशचा चेहरा घेऊन रेक्सला मारणारा मीच. तिथं चित्रफीत थांबवा आणि हल्ल्याचं बटण आपल्या हाती द्या. दाबलं की व्हान दोन पावलं पुढे जाऊ दे. आणि मग तो स्वतःच थांबू दे, आपण कितीही दाबलं तरी.

बाशचा_माणूस:
म्हणजे बटण दिल्यासारखं करायचं आणि चालू द्यायचं नाही. याला खेळ म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. मी तर वार करणारच. माझा राजा त्यानंच मारलाय.

(फुलांचा प्रसंग मात्र ठेवा. तो नाकारता येत नाही.)

निम्मा_खेळ:
तुमचा राजा नाही, बाशचा. आणि वार तुम्हाला करायचाय, व्हानला नाही. इतकी वर्षं भांडण तेच चाललंय ना?

आळशी_गॅम्बिट:
ते सगळं ठीक. व्हानच्या उघड्या पोटावरच्या त्या विचित्र सावल्यांचं काय करणार ते आधी सांगा. आणि उंदीर ठेवणार ना? उंदीर गेले तर मी नाही घेणार.