अंगणातला द्राक्षाचा वेल: तुमचे अनुभव सांगा

धरमपेठची लेक:
काल पेंटरने वॉल कंपाउंड घासलं अन् जुन्या रंगाखालून एक गंजलेला हूक निघाला. बाबांनी मांडवाची तार बांधायला ठोकलेला. नाशिकच्या आत्याने तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षाची दोन कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली होती, एक जगलं. चार वर्षं नुसता पाला. बाबा कात्री लावू देत नव्हते, "जिवंत झाड कायले कापता?" मग आतेभाऊ दसऱ्याला आला, बाबा ऑफिसात असताना सगळा वेल बोडका करून ठेवला. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फेब्रुवारीत अकरा घड! पहिला घड घेऊन स्वतःच अख्ख्या गल्लीत फिरले. तुमच्याकडे होता का कोणाकडे?

महालचा बोका:
होता. माकडं आली. संपलं.

संत्रेवाला:
ताई, आतेभावाने बरोबर केलं. घड नव्या फुटीवर येतो अन् ती फूट मागच्या पक्व काडीच्या डोळ्यातून निघते. छाटलं नाही तर वेल नुसता पसरतो. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) अन् ऑक्टोबरात गोडी छाटणी (घडांसाठी). मी पण एप्रिलमध्ये केली, मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45 च्या वर, कोवळी फूट पापडासारखी! आता वरून हिरवी जाळी बांधतो. अन् आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, वाफा उंच ठेवा.

सदा घाईत:
डोळा म्हणजे कुठे हो? सासऱ्यांनी दिसेल तिथून कापलाय. थांबा, कुकर

संत्रेवाला:
पेराजवळचा फुगीर ठिपका. पेन्सिलीएवढी जाड काडी पाहायची अन् गोडी छाटणीला पाच-सहा डोळे ठेवायचे. थॉम्पसनसारख्या जातीत अगदी बुडाशी कापलं तर पालाच येतो.

सदा घाईत:
बुडाशीच कापलाय 😭 सासऱ्यांना कोण सांगणार

मानेवाड्याचा:
आमच्याकडे बुलबुलांच्या धाकाने हिरवेच तोडले. आंब्यासारखे पेपरात गुंडाळून ठेवले. आठ दिवसांनी तेवढेच आंबट, वरून सुरकुतलेले. तोडल्यावर द्राक्ष गोड होत नाही हे तेव्हा कळलं. आईने चटणी केली, ती मात्र एक नंबर. तेव्हापासून आमच्या घरी द्राक्षं म्हणजे चटणीच.

महालचा बोका:
चटणीची रेसिपी टाक ना बे

कूलरवाली:
विषय वेगळा आहे, पण गोकुळपेठेत खसच्या ताट्या काय भावाने मिळून राहिल्या? मागच्या वर्षी लुटलं मला.
वेलाचं म्हणाल तर केवडा रोग पडला म्हणून ह्यांनी फवारायला बोर्डो मिश्रण केलं होतं. लिटरभर पाण्याला 10 ग्रॅम मोरचूद अन् 10 ग्रॅम चुना, इथवर ठीक. पण कालवलं कशात? माझ्या अंघोळीच्या बादलीत. वेल गेला, बादली अजून निळी आहे.

हिंगणा रोड:
आमचे घड तयार होते, रविवारी उतरवू म्हणलं. शनिवारी गारपीट. वडील पावसातच अंगणात जाऊन उभे राहिले. नंतर वेल लावलाच नाही.

धरमपेठची लेक:
अरे देवा, दादा. काय बोलावं.

मानेवाड्याचा:
@बोका हिरवी द्राक्षं, मिरची, जिरं, गूळ, मीठ. गूळ जरा जास्तच.

धरमपेठची लेक:
पेंटर विचारून राहिला हूक काढू का. नको म्हटलं. संत्रेवाले काका, ऑक्टोबरात छाटाल तेव्हा दोन काड्या ठेवाल का माझ्यासाठी?

संत्रेवाला:
ठेवतो. ओलं गोणपाट घेऊन या.

कूलरवाली:
ताट्यांचं कोणी सांगाना!