सत्कार जरूर करा, पण आधी औषधांची चिठ्ठी बघा

कमी कर्बोदकांचा आहार सांगून मधुमेह आटोक्यात आणणाऱ्या नागपुरातल्या डॉक्टरांचा सत्कार व्हावा, या सूचनेला मनापासून अनुमोदन. ब्रिटनमध्ये साउथपोर्टच्या डॉ. डेव्हिड अन्विन यांना याच कामासाठी २०१६ साली एनएचएसचा (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) 'इनोव्हेटर ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला.

निवड मात्र भाषण ऐकून नको. भात-पोळी बंद केली आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी तेवढीच ठेवली, तर दरदरून घाम, हात थरथरणं, साखर ७० च्या खाली. इन्सुलिनचंही तेच. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी चालू असेल तर धोका वेगळाच: साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचतात, मळमळ, पोटदुखी, धाप लागते. ग्लुकोमीटरचा आकडा बरा दिसतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात, हे सगळ्यात घातक. चांगला डॉक्टर ही औषधं आहार बदलायच्या आधीच कमी किंवा बंद करतो. बीपीच्या गोळ्यांवरही त्याची नजर असते.

शिवाय त्याला इथलं ताट कळलं पाहिजे. ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतही साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. "भाकरी कितीही चालते" हे खरं नाही. तर्री-पोह्यांत साखर चढते ती मुख्यतः पोह्यांनी, तर्रीतल्या हरभऱ्यांनी त्या मानाने कमी. जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहिली की पेशंटला हे स्वतःच दिसतं.

नावं मागवाल तेव्हा पेशंटचं एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि गोळ्या, दोन्हींचा आधीचा व सहा महिन्यांनंतरचा हिशेब मागा.